नकाशा तोच, खुणा वेगळ्या

गोव्यात १९०७ साली जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव निघाले की आपल्याला इतिहासकार आठवतो, जुन्या नाण्यांची वजने करत बसणारा गणिती आठवतो, पणजीत त्यांच्या नावाने भरणारा विचार महोत्सव आठवतो. जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ते एका सूत्रामुळे ठाऊक असतात. १९४४ साली त्यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला आणि एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून फारकत घेतात, यावरून त्यांच्यामधले अंतर कसे काढावे याचे गणित मांडले. गुणसूत्रावर एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या लगत दुसरी होण्याची शक्यता घटते, ही बाब त्यांनी हिशेबात धरली. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना कोसंबींचे हे सूत्र आजही वापरतात. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना हा उल्लेख हटकून करत असे, कारण आपल्या मातीतला माणूस जगाच्या पाठ्यपुस्तकात सापडला की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

पण जनुकाचा पत्ता कळला म्हणजे त्याचे वर्तन कळले, असे होत नाही. यकृताच्या पेशीतला आणि त्वचेच्या पेशीतला नकाशा एकच असतो. तरीही एक पेशी पित्त तयार करते आणि दुसरी केराटिन. हा फरक ज्या खुणांमुळे पडतो, त्या डीएनएच्या अक्षरक्रमात नसतात. त्या अक्षरांच्या वर लागलेल्या असतात, आणि अक्षरे ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात त्या प्रथिनांवर लागलेल्या असतात. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली या अभ्यासाला 'एपिजेनेटिक्स' हे नाव दिले तेव्हा डीएनएची रचनाही उलगडलेली नव्हती, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न गर्भाच्या वाढीचा होता. आज या अधिजनुकीय खुणांचा विषय बहुतेक वेळा कर्करोगाच्या संदर्भात निघतो. आमच्या घरात तो माझ्या आत्याच्या आजारपणात निघाला.

मुळात हे सगळे किती छोट्या जागेत चालते ते आधी पाहायला हवे. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात बसवलेला असतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गोळा, त्याभोवती १४७ अक्षरजोड्यांचे जवळपास पावणेदोन वेढे, मग थोडी मोकळी लांबी, मग पुढचा गोळा, अशी ती रचना आहे. प्रत्येक हिस्टोनचे एक शेपूट गोळ्याबाहेर लोंबत असते, आणि बऱ्याचशा खुणा त्या शेपटांवर लागतात. ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट लागला की वेढा सैल होतो आणि तिथले जनुक वाचता येते. मिथिल हा दुसरा गट लागला तर तो नेमका कोणत्या जागी लागला त्यावर जनुक उघडे राहणार की मिटणार हे ठरते. खुद्द डीएनएवरही खूण लागते. सायटोसीन या अक्षराच्या पुढे ग्वानीन हे अक्षर असेल तिथे सायटोसीनवर मिथिल गट बसतो, आणि जनुकाच्या सुरुवातीला अशा खुणांची गर्दी झाली की ते जनुक सहसा मुके होते.

खुणा आपोआप लागत नाहीत आणि आपोआप पुसल्याही जात नाहीत. त्या लावणारी विकरे (एन्झाइम) वेगळी, काढणारी वेगळी, आणि लागलेली खूण ओळखून पुढचे काम करणारी प्रथिने आणखी वेगळी. हे समजून घेताना मला गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांच्या बाजूची खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली शेती, आठवते. बांधाच्या पोटात लाकडी मानस, म्हणजे पाण्याचे दार, बसवलेली असते. भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तिची फळी मिटते, आणि ओहोटीला शेतातले पाणी आतून रेटा देऊन ती उघडते. फळीच्या खालच्या कडेला शेवाळ आणि कालवांच्या शिंपल्या इतक्या चिकटलेल्या असतात की मूळ लाकूड दिसतच नाही. जमीन तीच, बियाणे तेच, बांधही शाबूत. पण फळी कुजून अर्धवट उघडी राहिली तर खारे पाणी आत शिरते, आणि चिखल साचून ती मिटलेलीच राहिली तर पावसाचे पाणी शेतात तुंबते. नुकसान दोन्ही प्रकारांनी होते. जमिनीचा सात पिढ्यांचा उतारा काढून बघितला तरी त्यात या बिघाडाचा मागमूस सापडणार नाही.

कर्करोगाच्या बाबतीत हे दोन्ही बिघाड एकाच पेशीत एकाच वेळी दिसतात, आणि शास्त्रज्ञांना ते एकदम उमगले नाही. १९८३ साली अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींमधला डीएनए त्याच रुग्णांच्या निरोगी पेशींतल्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा गाठीतल्या जनुकांवर मिथिल खुणा कमी झालेल्या आढळल्या. पुढच्या दशकात नेमके उलटे पुरावे येऊ लागले. पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारे पी१६ हे जनुक, डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारे एमएलएच१ हे जनुक, यांच्या सुरुवातीला मिथिल खुणांची दाटी झालेली दिसली. अक्षरे सगळी शाबूत आणि जनुक मात्र गप्प. एकूण डीएनएवरच्या खुणा घटलेल्या आणि मोक्याच्या जागी वाढलेल्या, हे चित्र आज अनेक प्रकारच्या कर्करोगांत नेहमीचे मानले जाते.

एमएलएच१ची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिचा संबंध आपल्याकडच्या एका जुन्या छळाशी आहे. एखाद्या घरात कर्करोग निघाला की 'त्यांच्या घराण्यातच आहे ते' अशी कुजबूज सुरू होते आणि ती सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत पोहोचते. मोठ्या आतड्याच्या काही गाठींत एमएलएच१चे प्रथिन दिसतच नाही. त्याचे कारण आनुवंशिक असू शकते. लिंच सिंड्रोम नावाच्या विकारात बिघडलेले जनुक आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असते, आणि मग भावंडांची, मुलांची तपासणी करणे शहाणपणाचे ठरते. पण अशा पुष्कळ गाठींत जनुकाची अक्षरे धड असतात आणि त्याच्या तोंडाशी मिथिल खुणा साचलेल्या असतात. तसे आढळले तर तो बिघाड बहुधा त्या माणसाच्या हयातीत, त्या गाठीपुरता घडलेला असतो. गाठीच्या तुकड्यावर केलेल्या एका तपासणीने अख्ख्या घराण्यावरचा संशय दूर होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या समाजात अजून फारशी पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचवणे नव्या औषधांच्या बातम्यांपेक्षा मला अधिक निकडीचे वाटते.

आत्या डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती चढणीवर दमू लागली, तेव्हा वय म्हणून सोडून दिले गेले. मग रक्ताचे प्रमाण उतरत गेले, लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होईना, आणि शेवटी बांबोळीच्या इस्पितळात अस्थिमज्जेची तपासणी झाली. निदान मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचे निघाले. मज्जेत पेशी तयार होतात, पण त्या धड वाढून बाहेर पडत नाहीत. अर्धवट पेशींची गर्दी वाढते आणि काहींच्या बाबतीत पुढे त्याचा तीव्र रक्तकर्करोग होतो. निरोगी मज्जा दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार करते, हे लक्षात घेतले तर तिथल्या पेशीविभाजनाचा वेग किती असेल याची कल्पना येते. प्रत्येक विभाजनात डीएनएची नवी साखळी कोरी असते आणि जुन्या साखळीवरच्या खुणा तिच्यावर उतरवण्याचे काम डीएनएमटी१ हे विकर करते. डीएनएमटी३ए आणि डीएनएमटी३बी ही भावंडे पूर्णपणे नव्या जागी खुणा लावतात. या कामात झालेली चूक त्या एका पेशीत संपत नाही, तिच्या सगळ्या लेकीबाळींत उतरते.

खूण काढणारे विकर बराच काळ सापडले नव्हते. २००९ साली भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ अंजना राव यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की टेट१ हे प्रथिन मिथिल गटाचे रूप पालटते आणि खूण पुसण्याची पहिली पायरी गाठते. टेट हे नावच मुळी रक्तकर्करोगातून आले आहे, कारण दहाव्या आणि अकराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चिकटलेल्या रुग्णांत हे जनुक प्रथम ओळखले गेले. त्याच वर्षी टेट२ हे त्याचे भावंड मज्जेच्या अनेक विकारांत बिघडलेले आढळले, आणि २०१० साली तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या सुमारे २२ टक्के रुग्णांत डीएनएमटी३ए बिघडलेले आढळले.

इथे थांबून विचार करावा असे मला नेहमी वाटते. डीएनएमटी३ए खूण लावते, टेट२ खूण काढते. कामे परस्परविरोधी, तरी यांपैकी कोणतेही मोडले तरी रोग एकाच प्रकारातला होतो. खुणा जास्त झाल्या म्हणून कर्करोग झाला किंवा कमी झाल्या म्हणून झाला, अशी सोपी मांडणी इथे कोलमडते. मज्जेतल्या मूळ पेशीने वयात यायचे तर काही जनुके वेळेवर मिटावी लागतात आणि काही वेळेवर उघडावी लागतात. मिटणे राहिले तरी ती पेशी स्वतःच्याच प्रती काढत बसते आणि उघडणे राहिले तरी तेच करते. याला पुष्टी देणारा आणखी एक पुरावा अनपेक्षित दिशेने आला. आयडीएच हे ऊर्जानिर्मितीच्या साखळीतले अगदी साधे विकर. खुणांशी त्याचा थेट संबंध नाही. पण त्यात ठराविक ठिकाणी बिघाड झाला की ते टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ तयार करू लागते, आणि हा पदार्थ टेट विकरांना लागणाऱ्या अल्फा-कीटोग्लुटारेटसारखा दिसत असल्याने त्याची जागा अडवून बसतो. म्हणजे टेट२ची अक्षरे शाबूत राहूनही त्याचे हात बांधले जातात. रक्तकर्करोगाच्या एकाच रुग्णात आयडीएच आणि टेट२ हे दोन्ही बिघाड सहसा एकत्र सापडत नाहीत, कारण एकाने काम भागलेले असते. २०१७ आणि २०१८ साली बिघडलेल्या आयडीएचला रोखणारी औषधे अमेरिकेत मंजूर झाली, ती याच समजुतीच्या आधाराने.

हिस्टोनवर खुणा लावणाऱ्या विकरांमध्ये ईझेडएच२चा दरारा सगळ्यात मोठा. ते जनुके मिटवणारी खूण लावते. २००२ साली पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात त्याचे प्रमाण वाढलेले दिसले, २०१० साली काही लसिकापेशींच्या कर्करोगांत ते अतिउत्साही झालेले सापडले, आणि त्याला आवरणारे औषध २०२० साली वापरात आले. पण त्याच २०१० साली मज्जेच्या विकारांत हेच विकर निकामी झालेले आढळले. एका ऊतीत जो आरोपी, तोच दुसरीकडे राखणदार. वर्तमानपत्रांच्या विज्ञानपुरवण्यांत 'कर्करोगाचे विकर सापडले' असे मथळे येतात तेव्हा मला ईझेडएच२ आठवते आणि मी पान उलटतो.

या विषयातला सर्वांत मोहक शब्द 'परतीचा' आहे. अक्षर बदलले तर परत फिरवणे कठीण. खूण मात्र पुसता येते. हिस्टोनवरचे मिथिल गट एकदा लागले की कायमचे, असा बरीच वर्षे समज होता. २००४ साली यांग शी यांच्या गटाने ते काढणारे एलएसडी१ हे विकर दाखवले आणि तो समज संपला. मग बाजारानेही हा शब्द उचलला. आमच्या किनारपट्टीवर आरोग्य-शिबिरांचे जे पीक आले आहे, त्यातल्या एकाची जाहिरात मध्यंतरी आमच्या हौसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होती; श्वासाचे व्यायाम, भाज्यांचे रस आणि उपवास यांनी जनुकांवरच्या वाईट खुणा पुसून कर्करोग दूर ठेवण्याची हमी तिच्यात होती. उपवासाला किंवा भाज्यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो हमीला, आणि त्या हमीच्या पोटात दडलेल्या आरोपाला, कारण आजारी पडलेल्या माणसाला त्यातून असेही ऐकू येते की खुणा तुझ्या हातात होत्या, तूच त्या बिघडू दिल्यास.

राहणीमानाचा खुणांवर परिणाम होतो हे खरे आहे, आणि त्याचा सर्वांत पक्का पुरावा तंबाखूचा आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर या जनुकावरच्या मिथिल खुणा इतक्या स्पष्ट घटलेल्या असतात की त्यावरून सवय ओळखता येते. सिगारेट सोडल्यावर बहुतेक जागा काही वर्षांत पूर्वपदाला येऊ लागतात. काही मात्र तीस वर्षांनंतरही येत नाहीत. गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला आणि थुंकण्याला बंदी करणारा कायदा १९९७ सालीच केला, देशाच्या कायद्याच्या कितीतरी आधी, आणि या विषयावर शिबिरांनी दिलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा तो मला मोलाचा वाटतो. पण तंबाखूला कधीही न शिवलेल्या माझ्या आत्याच्या मज्जेतल्या खुणांचा जाब तंबाखूकडे मागता येत नाही. २०१४ साली मोठ्या पाहण्यांतून दिसले की सत्तरीच्या आसपासच्या दर दहा माणसांपैकी एकाच्या रक्तात, कुठलाही आजार नसताना, डीएनएमटी३ए, टेट२ किंवा एएसएक्सएल१ यांपैकी एखादे जनुक बिघडलेल्या पेशींचा एक गट वाढत असतो. त्यांतल्या वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का लोकांनाच पुढे रक्ताचा कर्करोग होतो. वय वाढणे आणि नशीब, एवढीच कारणे पुष्कळांच्या वाट्याला येतात; ही उत्तरे कुणाला आवडत नाहीत, पण त्यांत कुणाला दोषी धरावे लागत नाही.

आत्याला अझासायटिडीन सुरू झाले. या औषधाचा इतिहास तिला सांगताना मला शिकवायच्या दिवसांतला उत्साह परत आला होता. प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ साली ते तयार केले. सायटिडीनच्या वलयातल्या एका कार्बनच्या जागी नायट्रोजन, एवढाच बदल. आधी ते पेशी मारणारे विष म्हणून मोठ्या मात्रेत वापरून पाहिले गेले. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत पीटर जोन्स आणि त्यांचे सहकारी ते उंदराच्या पेशींवर तपासत होते, तेव्हा बशीतल्या काही पेशींचे चक्क आकुंचन पावणारे स्नायू झालेले दिसले. १९८० साली जोन्स आणि शर्ली टेलर यांनी कारण दाखवले: हा बनावट सायटोसीन डीएनएत शिरतो आणि खुणा लागू देत नाही. खूण लावायला आलेले विकर त्याला कायमचे चिकटून बसते आणि निकामी होते, हे पुढे स्पष्ट झाले, आणि पेशी विभागत जातील तशा खुणा विरळ होत जातात. पेशीचे मुके झालेले गुण पुन्हा बोलू लागतात. म्हणून मात्रा कमी ठेवायची, पण पुन्हा पुन्हा द्यायची. आत्याने हे सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "म्हळ्यार हें वखद मारिना, शिकयता?" जन्मभर पहिलीच्या वर्गाला अक्षरे गिरवायला लावणाऱ्या बाईला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही. मी म्हटले की दोन्ही करते. किती मारते आणि किती शिकवते यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

तिला आकडेही हवे होते, आणि मी ते लपवले नाहीत. २००४ साली अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. जास्त जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली आले, त्यात हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण निदान जितका काळ जगले तो) साडेचोवीस महिने आणि इतर प्रचलित उपचार घेणाऱ्यांचे पंधरा महिने भरले. परतीच्या वाटेची खरी लांबी आज एवढी आहे. परिणाम दिसायला चार-सहा आवर्तने जावी लागतात, आणि औषध थांबवले की खुणा पुन्हा साचू लागतात. शिवाय हे औषध नेमके हव्या त्या जनुकावरचीच खूण काढत नाही, सरसकट सगळीकडच्या विरळ करते. गाठींच्या कर्करोगांत त्याचा फारसा निभाव लागला नाही, यामागच्या कारणांपैकी हे एक असावे असे मला वाटते. ठराविक जागेवरचीच खूण पुसणारी साधने प्रयोगशाळांत तयार होत आहेत, ती तिच्या उपयोगाला येतील असे मी तिला म्हटले नाही.

इंजेक्शने सात दिवस ओळीने पोटाच्या कातडीखाली देतात आणि अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा तेच सुरू होते. टोचलेल्या जागी लाल चट्टे उठतात, ते दुसऱ्या आठवड्यात फिकट होऊ लागतात. आत्या साडीच्या निऱ्या एका बाजूला सरकवून नेसते. पाचव्या आवर्तनानंतर रक्त चढवण्याचे अंतर वाढले आहे. दरम्यान जनुकांचा सविस्तर अहवालही आला आणि त्यात टेट२चा बिघाड निघाला. तिला स्वतःबद्दल काही विचारायचे नव्हते. तिचा प्रश्न नातीबद्दल होता, जिचे लग्न ठरत आले आहे. डॉक्टरांनी सांगितले की हा बिघाड मज्जेतल्या पेशींत उतारवयात झालेला आहे, तो तिच्या मुलीकडे गेलेला नाही, आणि नातीच्या कोणत्याही तपासणीची गरज नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यातूनच आत्याने मडगावला मुलीला फोन लावला, हे वाक्य तिला दोनदा म्हणून दाखवले, आणि त्याच फोनवर पुढच्या इंजेक्शनांच्या आठवड्यात कोणत्या दिवशी सोबतीला कोण येणार, त्याच्या पाळ्या लावून टाकल्या.